बीमकडे पाठ करून

आमची कडी मी आजीच्या विटलेल्या चंद्रकळेत गुंडाळून देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला नेली. जेवणाच्या ताटाएवढी ॲल्युमिनियमची कडी, मधे मोकळी, कडेला चार दिशांना चार डायोड, अंगठ्याच्या नखाएवढे. बॅगेत ठेवायचा धीर होईना, म्हणून रात्रभर ती मांडीवरच होती. समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी विचारलं, "प्रभावळ हाय का देवाची?" मी म्हणाले, "नाही आजोबा, कॉलेजचं यंत्र आहे." "मग जपून न्या," एवढं म्हणून ते कुशीवर वळले. मला कल्याण येईपर्यंत झोप लागली नाही.

मी लष्कराच्या छावणीत राहते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तोवर मी हाताळलेला डिटेक्टर म्हणजे प्रॅक्टिकलच्या टेबलावरचा गायगर काउंटर. सरांनी प्रोजेक्टचा विषय दिला, 'बीमच्या जागेवर लक्ष ठेवणाऱ्या स्वस्त डिटेक्टरचा नमुना', तो मी घरी येऊन तीनदा वाचला. लक्ष कशाला ठेवायचं? यंत्राने बीम जिथे सोडला तिथेच तो जाणार ना? असं मी खरंच सरांना विचारलं. ते म्हणाले, "कुलाब्याला चल, मग सांग मला."

कुलाब्याला म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचा मिळून पेलेट्रॉन नावाचा कणत्वरक आहे, १९८८ च्या अखेरीस सुरू झालेला. आम्हाला तीन शिफ्ट मिळाल्या होत्या. चोवीस तास. बीमटाइम हा शब्द तिथे लोक असा उच्चारतात, जसा आमच्याकडे पाण्याच्या पाळीचा उच्चारतात.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण ते मला समजायलाच दोन महिने लागले. बीम म्हणजे एका दिशेने धावणाऱ्या भारित अणूंची, आयनांची, बारीक धार. ती निर्वात नळीतून जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. ती कुठे पडते हे बघायचं तर वाटेत क्वार्ट्झचा तुकडा आणतात. बीम पडला की तो चमकतो आणि कॅमेऱ्यात ठिपका दिसतो. किती बीम येतोय हे मोजायचं तर फॅरडे कप नावाच्या धातूच्या पेल्यात तो झेलतात आणि साठणारा विद्युतभार मोजतात. पण क्वार्ट्झ मधे आला की बीम तिथेच अडतो. प्रयोग चालू असताना, बीमला हात न लावता, तो जागेवर आहे की नाही हे कसं कळणार?

यासाठी जुनीच युक्ती आहे. मँचेस्टरमध्ये १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले आणि अंधारात बसून पडद्यावरची एकेक चमक डोळ्यांनी मोजली. रदरफोर्डने १९११ मध्ये त्याचा हिशेब मांडला. पत्र्यातून बहुतेक कण सरळ निघून जातात, थोडे वळतात, आणि किती कोनात किती वळतील याचं गणित पक्कं आहे. कोन वाढला की संख्या झपाट्याने घसरते. आमची कडी या घसरणीवरच उभी होती. सोन्याच्या पत्र्यापासून ४० सेंटिमीटरवर, २० अंशांच्या कोनात चार डायोड. मधल्या मोकळ्या जागेतून बीम निघून जाणार आणि बाजूला उडालेले थोडेसे कण हे चार डायोड मोजणार. २० अंशांपाशी एका अंशाचा फरक पडला तरी मोजणी जवळपास २० टक्क्यांनी बदलते. बीम एक मिलिमीटर सरकला, तर तो ज्या डायोडकडे सरकला तिथली मोजणी पावणेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते आणि समोरच्याची तेवढीच घटते. दोघांचं गुणोत्तर पाच टक्क्यांहून जास्त हलतं.

हे गणित मला वहीत पटलं. मनात उतरलं ते अप्पांमुळे.

आमचे अप्पा पूर्वी छावणीच्या गुरुवारच्या बाजारात ठेकेदाराच्या वतीने पावत्या फाडायचे. गुरं, शेळ्या, भाजीच्या गाड्या, सगळ्यांची पावती. आत शिरायची दोन तोंडं. एकाला ते 'नाक्याचं तोंड' म्हणत, नगर नाक्याकडून येणाऱ्यांचं, आणि दुसऱ्याला 'पुलाचं तोंड', म्हणजे खाम नदीवरच्या लोखंडी पुलाकडून येणाऱ्यांचं. रात्री घरी दोन्ही पावतीपुस्तकं शेजारी ठेवून ते बघायचे. बाजारात न फिरता त्यांना बाजार कळायचा. दोन्हीकडे आकडा कमी, म्हणजे बाजारच पातळ. एकीकडे कमी आणि दुसरीकडे तेवढाच जास्त, म्हणजे माणसं आली तेवढीच, रस्त्यात काहीतरी अडलं म्हणून वळून आली. आणि एकीकडेच कमी, दुसरीकडे जसाच्या तसा, म्हणजे त्या तोंडावरचा पावती फाडणारा जागेवर नव्हता. मी त्यांना कडीचं चित्र काढून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग चार तोंडं केलीत तुम्ही. चांगलं केलंत."

कुलाब्याच्या नेव्ही नगरात शिरताना पहिल्यांदा ओळखीचं काही दिसलं ते म्हणजे लष्कराचं फाटक, पहारे आणि झाडांखालचे स्वच्छ रस्ते. छावणीत वाढलेल्या मुलीला त्याची सवय असते. फाटकावर चंद्रकळा सोडून कडी दाखवावी लागली, कागद दाखवावे लागले. मग छातीला लावायचा टीएलडी बॅज मिळाला, किरणोत्सर्गाची मात्रा नोंदवणारा.

पेलेट्रॉन आडवा असेल अशी माझी कल्पना होती. तो उभा आहे, मनोऱ्यासारखा. सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू दाबाने भरलेली प्रचंड टाकी आणि तिच्या मधोमध टर्मिनल, ज्यावर काही दशलक्ष व्होल्टचा धन दाब चढवतात. तो दाब चढवते एक साखळी. धातूच्या नळकांड्या नायलॉनच्या दुव्यांनी ओवलेल्या, रहाटासारखी फिरत एकेक भार वर पोचवणारी. त्या नळकांड्या म्हणजे पेलेट, म्हणून पेलेट्रॉन. वरून ऋणभारित आयन सोडतात. ते धन टर्मिनलकडे ओढले जातात. तिथे कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि ऋण आयन धन होतो. मग तेच टर्मिनल त्याला खाली ढकलतं. एकाच दाबाचा दोनदा फायदा. आमच्यासाठी ऑक्सिजनचा बीम होता, सहा धनभारांचा, टर्मिनलवर एक कोटी व्होल्ट. येताना १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, जाताना ६०, एकूण ७०. हा हिशेब मी बोटांवर केला आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर तोच आकडा दिसला तेव्हा अंगावर काटा आला.

कडी बसवायला दुपार गेली. विकिरण पात्र हे मोठं गोल भांडं, झाकण उघडलं की आत दोन माणसांना वाकून काम करता येईल एवढं. सोन्याचा पत्रा मधोमध चौकटीत. त्याला बोट लागलं तर फाटेल, म्हणून मी श्वास धरून काम करत होते. दादा, म्हणजे आमच्या लॅबमधले पीएचडी करणारे वरिष्ठ, दुर्बिणीने मध्यरेषा बघत होते आणि मी कडी केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत होते. झाकण लागलं, पंप सुरू झाले. हवा काढायला काही तास लागतात. मग डायोडना व्होल्टेज दिलं आणि चारही डायोडचा लीकेज करंट, म्हणजे कण नसतानाही वाहणारा प्रवाह, भलताच वर गेला. विद्यापीठात तो चार नॅनोअँपिअर होता. इथे शेकड्यांत.

माझ्या पोटात खड्डा पडला. वाटलं, गाडीच्या हादऱ्यांनी गेले डायोड. चारही. मी दादांकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत होते आणि मग त्यांनी शांतपणे विचारलं, "काच झाकलीस का?"

पात्राला आत बघायची काच असते. हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू होत्या. सिलिकॉनचा डायोड कण मोजतो तसा उजेडही मोजतो. शेवटी सौर पॅनेलमध्ये तोच असतो. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी दोन पानं लिहिली असती. आम्ही काचेवर ॲल्युमिनियम फॉइल लावली, वरून काळी टेप, आणि तरी एका कडेने उजेड झिरपतोय असं वाटलं म्हणून चंद्रकळेची चौपदरी घडी बांधली. करंट खाली आला. चार, पाच, चार, चार. आजीच्या लुगड्याचा काळा रंग विटला होता, पण पुरेसा होता.

संध्याकाळी हॉल रिकामा करून दार बंद केलं. बीम चालू असताना आत कुणी जायचं नाही. आत कुणी राहिलं नाही हे फिरून बघितल्याशिवाय दार लागत नाही. आम्ही मोजणीच्या खोलीत. आधी क्वार्ट्झवर बीम मधे आणला गेला. पडद्यावर हिरवट ठिपका, बरोबर फुलीवर. मग क्वार्ट्झ काढून सोनं. पहिल्या क्षणी पडद्यावर काहीच नाही आणि मग स्पेक्ट्रमच्या टोकाला एक उभी सुळकी उगवायला लागली. अमेरिशियमच्या अल्फा स्रोताने आम्ही सगळं जुळवलं होतं तेव्हा साडेपाच दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे कण होते. हे त्याच्या बारापटीहून मोठे, म्हणून दादांनी ॲम्प्लिफायरचा गेन आधीच उतरवून ठेवला होता. सेकंदाला साधारण तीस कण, प्रत्येक डायोडमध्ये. मी विद्यापीठात महिनाभर ज्याची वाट पाहिली ते घडत होतं आणि आवाज फक्त एसीचा.

दर दहा मिनिटांनी आकडे वहीत लिहायचे, हे माझं काम. संगणक नोंदवतच होता, पण सरांनी बजावलं होतं की वहीतही लिही, हाताला आकडा कळला पाहिजे. दहा मिनिटांत अठरा हजारांच्या आसपास. अठरा हजारांचं वर्गमूळ १३४. म्हणजे तेवढा आकडा स्वभावतःच वरखाली डोलणार, पाऊण टक्का. दोन डायोडचं गुणोत्तर एका टक्क्याने डोलणार. हे डोलणं म्हणजे बिघाड नव्हे, हे मला पहिल्या तासात शिकावं लागलं, कारण प्रत्येक आकडा बदलला की मी दादांना हाक मारत होते. ते दरवेळी उठून आले. एकदाही "बस तू" म्हणाले नाहीत.

मध्यरात्री चहा घेताना दादा सर्नबद्दल सांगत होते. तिथल्या २७ किलोमीटरच्या कड्याभोवती साडेतीन हजारांहून जास्त आयनीकरण कक्ष बसवलेत, फक्त बीममधून कण सांडतात का हे बघायला. सांडले, तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत बीम बाहेर काढून टाकतात. शोध लावणारे डिटेक्टर सगळ्यांना माहीत असतात, ते म्हणाले, पण ही राखण नसेल तर शोध लावणारं यंत्रच उरणार नाही.

मला मात्र मावशी आठवत होती. तिला आमच्या शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात रेडिएशन दिलं, तेव्हा रोज तिच्याबरोबर मी जायचे. खोलीचं जाड दार लागायचं, बाहेरच्या पडद्यावर एक आकडा चढत जायचा आणि ठरलेल्या जागी थांबायचा. त्याला एमयू म्हणतात एवढंच तेव्हा ऐकलं होतं. या प्रोजेक्टसाठी वाचताना कळलं की एमयू म्हणजे मॉनिटर युनिट. ठरलेल्या मांडणीत एक एमयू म्हणजे साधारण एक सेंटिग्रे मात्रा. ते मोजतात यंत्राच्या डोक्यात बसवलेले दोन पातळ आयनीकरण कक्ष, एकमेकांवर अवलंबून नसलेले. एकाने दगा दिला तर दुसरा बीम थांबवतो. आणि त्या कक्षांचे भाग पाडलेले असतात, या बाजूचा आणि त्या बाजूचा, दोन्ही सारखे आहेत ना हे बघायला. आमच्या कडीचंच काम. मावशी आत एकटी झोपलेली असताना तिच्यासाठी कुणीतरी दोन्ही तोंडांवर पावत्या मोजत होतं, हे मला इतक्या उशिरा कळलं. मावशी आता बरी आहे.

अडीचच्या सुमाराला आकडे हलले.

कडीच्या केबलवर मी कागदी टेप लावून अक्षरं लिहिली होती: व, खा, डा, उ. सुरुवातीला 'डा' १८,१९० आणि 'उ' १८,०४०. आता 'डा' १७,४६० आणि 'उ' १८,८३०. पहिला विचार आला तो हाच, की 'डा' मरतोय. जड आयनांच्या माऱ्याने सिलिकॉन खराब होतं हे माहीतच होतं. स्वस्त, बदलता येणारे डायोड घ्यायचं कारणच ते. मी दादांना हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबले. 'डा' मरत असेल तर 'उ' का वाढेल? दोन्हींची बेरीज केली. आधी ३६,२३०, आता ३६,२९०. जशीच्या तशी. 'व' आणि 'खा' जागच्या जागी. पावती फाडणारा जागेवर होता. रस्ता वळला होता.

गुणोत्तर आठ टक्क्यांनी हललं होतं, म्हणजे दीड मिलिमीटर. दादांनी माझा हिशेब तपासला आणि म्हणाले, "फोन तू कर."

मी कंट्रोल रूमला फोन लावला. आवाज कापत होता. "सर, बीम उजवीकडे सरकलाय असं वाटतंय. दीड मिलिमीटर." पलीकडचे ऑपरेटर वयाने मोठे होते. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. तासन्‌तास यंत्र चाललं की चुंबकं थोडी तापतात, थोडी निवतात, बीम केसभर सरकतो, ते म्हणाले, "बरं मॅडम, डावीकडे घेतो जरासा. बघून सांगा."

दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मी खुर्चीवर बसले नाही. 'डा' १६,९००. 'उ' १९,४२०.

आणखी बिघडलं. मी पुन्हा फोन केला आणि खरं ते सांगितलं, की सर, उलट झालंय, फरक वाढलाय. थोडा वेळ फोनवर शांतता. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं डावं-उजवं बीमकडे तोंड करून आहे, की पाठ करून?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी न कंटाळता समजावलं. बीमच्या नळीवर डावं-उजवं सांगायची एकच रीत आहे: बीम पाठीमागून येतोय असं समजून, तो जातोय तिकडे बघत उभं राहायचं. मग डावा हात ती डावी. मी डोळे मिटून विद्यापीठातलं टेबल आठवलं. कडी माझ्यासमोर, मी मागच्या बाजूने वायरी जोडत होते, कारण जोड तिथेच होते. डायोडची तोंडं माझ्या पलीकडे. अक्षरं मी तिथूनच लिहिली. म्हणजे माझं तोंड बीमकडे होतं आणि माझं डावं ते बीमचं उजवं. दादांनी कडी बसवताना 'व' वर आहे एवढं बघितलं. बाकी त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

"सर, तोंड करून. चूक माझी आहे. उजवीकडे घ्या, आधी घेतलं त्याच्या दुपटीहून थोडं जास्त."

"घेतो," ते म्हणाले. "चूक कळली ना, झालं तर मग."

पुढच्या दहा मिनिटांनी 'डा' १८,१५०, 'उ' १८,११०. खात्रीसाठी त्यांनी क्षणभर क्वार्ट्झ आणला. ठिपका फुलीवर. दादांनी वहीत तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

मी मोजणीच्या खोलीतल्या केबलवरच्या दोन्ही टेप सोलून काढल्या. मनात अप्पांची पावतीपुस्तकं होती. त्यांनी कधी डावं तोंड, उजवं तोंड म्हटलं नव्हतं. बाजारात कुणी कुठे तोंड करून उभा असेल काय सांगावं; नाका आणि पूल जागा सोडत नाहीत. हॉलला एका बाजूला दार होतं, दुसऱ्या बाजूला भिंत. नव्या टेपवर लिहिलं: 'दाराकडची', 'भिंतीकडची'. पहाटे सर आले तेव्हा त्यांनी टेप वाचल्या, वहीतली पानं मागेपुढे केली आणि अहवालासाठी म्हणाले, "बीमचं डावं-उजवंही लिही, जगभर तेच वाचतात. पण हे काढू नकोस."

उरलेल्या वेळात बीम आणखी दोनदा सरकला, दोन्ही वेळा एक मिलिमीटरच्या आत. दोन्ही वेळा फोन मी केला आणि आधी सांगितलं, "सर, पाठ करून सांगतेय."

शेवटच्या शिफ्टनंतर पात्र उघडलं. चारही डायोडचा लीकेज करंट चारवरून नवापर्यंत गेला होता, पण चारही मोजत होते. मी काचेवरून चंद्रकळा सोडली आणि कडी पुन्हा तिच्यात गुंडाळली.

घरी आले तो गुरुवार होता. अप्पांनी ओसरीवर कडी उलटसुलट करून पाहिली, वायरींची बाजू, डायोडची बाजू, आणि मग मला उभं करून विचारलं, "आता दाखव. बीम कुठून येतो?" मी त्यांच्या मागे गेले, दोन्ही खांदे धरून त्यांना रस्त्याकडे वळवलं आणि कडी त्यांच्यासमोर धरली. अप्पांनी डावा हात पुढे करून एका डायोडपाशी नेला, बोट न लावता. "ही दाराकडची," ते म्हणाले.